उन्हानं गेलेली डायल

आमच्या गाडीच्या मीटरची डायल आठ महिन्यांत सहा वेळा बदलली. डायल म्हणजे स्टिअरिंगच्या मागे जे गोल असतात ना, एक वेगाचा, एक इंजिनच्या फेऱ्यांचा आणि पेट्रोल-पाण्याचे दोन लहान, त्यांतली आकड्यांची चकती. काटे तेच, आतलं यंत्र तेच, फक्त चकती नवी. ज्यांना गाड्यांची हौस आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही, आणि ज्यांना नाही त्यांना कितीही सांगितलं तरी पटत नाही. मी दुसऱ्या जातीतली. तरी त्यांतल्या पहिल्या पाच डायल मीच निवडल्या.

गाडी यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. दोन दारांची, लाल, जुनी जपानी स्पोर्ट्स कार. वयाच्या बावन्नाव्या वर्षी पुण्याला जाऊन कुणाची तरी वापरलेली घेऊन आले आणि दारात उभी करून मला हाक मारली. मी बाहेर आले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं, की हिच्यात बसायचं की हिच्यावर? गाडी इतकी बुटकी की अमरावतीतल्या प्रत्येक गतिरोधकावर तिचं पोट घासायचं. म्हणून हे ती तिरकी घ्यायचे, आधी एक चाक, मग दुसरं, आणि मागे ऑटोवाले हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे. मागची सीट नावापुरती. तिच्यावर भाजीची पिशवी बसते, माणूस बसत नाही. उतरताना मला दाराला धरून देवाचं नाव घेत उठावं लागायचं.

थट्टा मी भरपूर केली, पण गाडीचा राग कधी केला नाही. यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान. विहिरीत जळालेल्या मोटारी लोक घेऊन यायचे, हे त्या उघडायचे, आतली काळी पडलेली तार उपसायचे आणि केसासारखी बारीक तांब्याची तार वेढा-वेढानं पुन्हा भरायचे. तीस वर्षं हेच केलं. स्वतःसाठी म्हणून मागितलेली ही एकच वस्तू. आणि ती चालवताना हा माणूस मला बरा दिसायचा, खांदे सैल, ओठांत काहीतरी गुणगुणत. घरात गुणगुणताना मी त्यांना कधी ऐकलं नाही.

मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवायची. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. त्यामुळे आमच्या घरात रंगाचा निकाल माझ्याकडे. भिंतीला कोणता रंग, दुकानाच्या पाटीवर अक्षरं कशी, यांच्या शर्टाला पॅन्ट जाते का, सगळं मला विचारायचं. "रंगाचं तुले कळते," हे यांचं ठरलेलं वाक्य. लग्नाला चौतीस वर्षं झाली, त्यांत यांनी माझ्या दुसऱ्या कोणत्या गुणाची तारीफ केल्याचं आठवत नाही, पण ही मात्र मनापासून करायचे.

सुरुवात मार्चमध्ये झाली. अंजनगाव सुर्जीहून आलो होतो. गाडी दारात लावली, इंजिन बंद केलं, पण हे उतरेनात. मीटरकडे बघत बसले होते.

"या मीटरचे आकडे उडाले वाटते," म्हणाले. "उन्हानं गेले असतीन. तू पाय बरं. तुले दिसते का?"

आमच्याकडे ऊन सगळं खातं. पडदे दोन वर्षांत विटतात, प्लास्टिकच्या खुर्च्या बसल्या जागी तडकतात. चौकातल्या फलकांवर पुढाऱ्यांचे चेहरे एका उन्हाळ्यात निळे पडतात, कारण लाल रंग आधी उडतो आणि निळा मागे राहतो. हे मी वर्गात मुलींना शिकवलंय. उन्हानं गेलं म्हटलं की आमच्याकडे पुढे कुणी काही विचारत नाही.

मी वाकून पाहिलं. काळ्या चकतीवर पांढरे आकडे, शून्यापासून एकशेऐंशीपर्यंत, सगळे जिथल्या तिथे. एकही उडालेला नव्हता. मला ते चष्म्याशिवाय दिसत होते.

"हो," मी म्हणाले. "फिक्के पडले. मलेबी दिसत नाही."

मी असं का बोलले ते सांगते. त्याच आठवड्यात यांनी चहा कपाच्या बाहेर ओतला होता. मी सहज म्हणाले, चष्म्याचा नंबर तपासून घ्या, आणि हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. आमच्या सासऱ्यांचे डोळे शुगरनं गेले होते. नऊ वर्षं ते मागच्या खोलीत खाटेवर होते आणि त्यांना घास भरवायचं काम यांनी केलं, मला कधी करू दिलं नाही. ते गेले त्या दिवशी हे एवढंच म्हणाले, की सुटले. यांनाही बारा वर्षांपासून शुगर. तेव्हा डोळा हा शब्द आमच्या घरात कुणी काढत नसे. मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीवरून पुन्हा दोन दिवसांचं मौन कशाला? मीटरचं म्हणताहेत तर मीटरचं.

पहिली डायल इंटरनेटवरून आली. पांढरी चकती, काळे आकडे. मीच निवडली, कारण पांढऱ्यावर काळं सगळ्यांत लांबून वाचता येतं. हे काम यांनी स्वतः केलं. मीटरचा सगळा डबा बाहेर काढला, काच उचलली आणि काटे उपटायला माझ्या स्वयंपाकघरातले दोन चहाचे चमचे नेले. काट्याच्या दोन्ही बाजूंनी चमचे घालून एकदम वर दाबायचं, म्हणजे काटा न वाकता निघतो. उपटण्याआधी काटा कुठे टेकला होता तिथे खूण करून ठेवायची, कारण परत बसवताना तो त्याच जागी बसला पाहिजे, नाहीतर पुढचा सगळा वेग चुकीचा दिसतो. हे मला यांनीच सांगितलं, मोठ्या उत्साहात.

संध्याकाळी मला दाखवायला नेलं. गाडी बंद होती आणि वेगाचा काटा वीसवर होता.

मी त्या काट्याकडे बघत राहिले. केसासारखी तार भरणारा माणूस हा. खूण काटेकोर केली असणार, पण ती त्याला दिसलीच नसणार. हे शेजारी उभे राहून विचारत होते, "कशी दिसते?" मी म्हणाले, छान दिसते. दुसऱ्या दिवशी हे दुकानात गेल्यावर मी तेच चमचे घेतले, काटा उपटला आणि शून्यावर बसवला. यांना काही कळलं नाही. मला मात्र त्या दिवशी सगळं कळलं होतं, आणि हे मी कुठेही नाकारणार नाही.

पंधरा दिवसांत यांनी पांढऱ्या डायलला नावं ठेवायला सुरुवात केली. पांढऱ्यावर ऊन पडलं की चमकते म्हणे. मग दुसरी आली, आतून निळा उजेड देणारी. ती बघायला हे भर दुपारी गाडीच्या शेडचं शटर ओढून आत बसले, वर पत्रा तापलेला, घामाच्या धारा. बाहेर आले तेव्हा शर्ट अंगाला चिकटला होता आणि म्हणत होते, उजेडच जास्त आहे, आकडा बुडून राह्यला त्याच्यात. तिसरी पिवळी, जाड आकड्यांची. चौथी तर परदेशातली निघाली, किलोमीटरऐवजी मैलांची. मी म्हटलं, ही परत पाठवा. पण यांना ती आवडली. मैलांचे आकडे कमी असतात, म्हणून मोठे छापता येतात. "मनातल्या मनात गुणून घेईन," म्हणाले. अमरावतीच्या माणसानं बडनेऱ्याला मैलांचा हिशोब करत जायचं. मी हसले. हेही हसले. नंतर स्वयंपाकघरात जाऊन मी ओट्याला टेकून रडले, आणि रडून झाल्यावर भाकरी टाकल्या.

निवडायची आमची पद्धत अशी होती. जेवणाच्या टेबलावर मी चकत्या मांडायची. हे एकेक उचलून खिडकीकडे धरायचे आणि सरळ न बघता, कोंबडी दाणा बघते तशी मान तिरकी करून बघायचे. असं का करतात ते तेव्हा मला उमगलं नाही. मग म्हणायचे, "तूच सांग, रंगाचं तुले कळते." मी सांगायची. माझ्याजवळ कारणं भरपूर असायची, पिवळं का चांगलं, काळ्याची कड का सुटते, आकड्याचं अंग किती जाड हवं. चाळीस मुलींच्या वर्गासमोर बोलावं तशी मी बोलायची आणि हे मान डोलवायचे.

पाचव्या वेळी विकत मिळण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग मी माझी जुनी पेटी काढली, पोस्टर कलर, चपटा ब्रश, कंपास. जाड पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या आणि आकडे हातानं काढले, तीन मापांचे. यांनी सगळ्यांत मोठं माप निवडलं. मी त्या मापाची चकती करून लावली. दोन आठवड्यांनी म्हणाले, थोडं अजून मोठं कर. मी मोठं काढलं. मग आणखी मोठं. ब्रश हातात होता आणि मला स्वच्छ कळत होतं की मी डायल रंगवत नाहीये, डॉक्टरच्या भिंतीवर टांगतात तो तक्ता खालून वर काढत चाललेय. कळत असूनही मी पुढची चकती कापली. दुसऱ्या कुणाची ही गोष्ट असती तर मी त्या बाईला चार शब्द सुनावले असते.

गाडी चालवणं थांबलं नव्हतं. फक्त आता मी सोबत असल्याशिवाय हे गाडी बाहेर काढत नसत, आणि त्याला आम्ही खेळाचं रूप दिलं होतं. "सांग बरं, किती झाले?" हे विचारायचे. मी काट्याकडे बघून म्हणायची, सत्तर. "बरोबर. आवाज सत्तरचाच आहे," हे म्हणायचे. त्यांना वेग कानानं कळत होता. गिअर हातानं कळत होता. रस्त्याच्या कडेच्या बकऱ्यासुद्धा दिसायच्या, माझ्याआधी दिसायच्या, आणि त्यावरून मी स्वतःची समजूत काढायची की एवढं दिसतं म्हणजे फार काही बिघडलेलं नाही.

ऑगस्टमध्ये रिद्धपूरला गेलो होतो, दर्शनाला. परतताना समोर एक सायकलवाला होता. कडेला नाही, अगदी नाकासमोर, मागे चाऱ्याचा भारा बांधलेला. मी वाट बघत होते की आता हे ब्रेक दाबतील. दाबला नाही. मी ओरडले आणि स्टिअरिंगला हात घातला. गाडी शेजारच्या मातीत उतरली, भाऱ्याचा पाला माझ्या खिडकीला घासून गेला. सायकलवाला उतरला, शिव्या देऊन निघून गेला. आम्ही दोघं गाडीतच बसून राहिलो.

"ऊन होतं समोर," हे म्हणाले.

"हो. ऊन होतं," मी म्हणाले.

आभाळ भरलेलं होतं. ऊन कुठेच नव्हतं.

तिथेच थांबायला हवं होतं. मी मनाशी ठरवलंही, की उद्या बोलायचंच. आणि उद्या उजाडला तेव्हा यांनी कुणाकडून तरी अकोल्याच्या एका मिस्त्रींचा पत्ता आणला होता. मीटर दुरुस्त करतात, जीपच्या, ट्रॅक्टरच्या जुन्या डायल हातानं रंगवून देतात. यांचा चेहरा असा उजळला होता की माझी जीभ उचलेना. मिस्त्रींना फोन केला, त्यांनी दिवाळीच्या आधीची एक सकाळ दिली. ती सकाळ येईपर्यंत दोन महिने आम्ही तिच्याच गोष्टी केल्या.

अकोल्याचा रस्ता आता छान आहे. कितीतरी वर्षं तो उखडलेलाच होता आणि हे म्हणायचे, हा रस्ता एकदा होऊ दे, मग तुले दाखवतो गाडी काय चीज आहे ते. रस्ता झाला आणि त्यावरून हा माणूस पन्नासनं गाडी हाकत होता, ट्रक आम्हाला मागे टाकून जात होते, आणि मी सीटच्या कडेवर बसून समोरचं एकेक वाहन मोठ्यानं सांगत होते. मी गेले नसते तर हे एकटे गेले असते. त्या दिवशी तरी माझ्याजवळ एवढं एक खरं कारण होतं.

मिस्त्रींचं दुकान जुन्या मोटारींच्या सामानाच्या गल्लीत. साठीचे, पांढरी दाढी, डोक्याला टोपी. भिंतीवर खिळ्यांना लटकवलेली शंभरेक मीटरं. त्यांचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यांच्याकडून मिस्त्रींनी अक्षर उचललं होतं. त्यांनी माझी पुठ्ठ्याची चकती हातात घेतली, उलटसुलट केली.

"भाभी, हे तुमचं काम? हात अच्छा है," म्हणाले. मग यांच्याकडे वळले. "भाऊ, माझी रीत सांगतो. डायल टेबलावर पाहून पसंत करायची नाही. मी नुसती कच्ची रंगवून मीटरमध्ये ठेवतो. तुमी आपल्या सीटवर बसायचं, रोज बसता तसं. तिथून आकडे वाचता आले तं पक्का रंग देतो. नाही आले तं पुसून टाकतो."

त्यांनी तासाभरात कच्ची डायल केली. पाटीवाल्याच्या हातचे आकडे, ठसठशीत, वीस, चाळीस, साठ, इतके मोठे की चकतीवर जागा उरली नव्हती. ती मीटरमध्ये बसवून त्यांनी यांना हाक मारली. हे सीटवर बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मी खिडकीशी वाकले होते. मिस्त्री माझ्या बाजूला उभे.

यांनी मान जरा तिरकी केली. आणि चेहऱ्यावर हसू आलं.

"हे! याले म्हणते डायल," म्हणाले. "सगळं साफ दिसते. काटाबी साफ दिसते."

मिस्त्री हळूच म्हणाले, "काटा कुठं आहे, भाऊ?"

"झिरोवर. गाडी उभी आहे तं कुठं असन?" हे हसले.

चकतीच्या मधोमध नुसतं भोक होतं आणि त्यातून निघालेली बारीक दांडी. चारही काटे मिस्त्रींच्या तळहातावर होते. त्यांनी ते अजून बसवलेच नव्हते.

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहू शकले नाही. गल्लीत कुणीतरी पत्रा ठोकत होतं, तो आवाज चालूच राहिला. हे समोर बघत हसत होते, खूश होते, आणि मला वाटलं आत्ता इथे जमीन फाटावी. आठ महिने मला वाटत होतं की मी एकटी नाटक करतेय. हेही करत होते. जे दिसत नव्हतं ते आठवून सांगत होते.

मिस्त्री म्हणाले, "भाऊ, आपण चहा घेऊ. मग असं करू, मीटर रस्त्यावर चालवून तपासावं लागते. अमरावतीपर्यंत गाडी मी घेतो. तुमी बाजूला बसा, आवाज सांगा."

यांनी एका शब्दानं वाद घातला नाही. "चालते," म्हणाले, इतक्या लगेच की मला कळलं, किती थकला होता हा माणूस. काटे बसवले, रंग वाळला, आणि दोघं निघाले. त्या गाडीत तिसऱ्याला जागा नाही, म्हणून मी रंग वाळायची वाट न बघता आधीच एसटीनं निघाले होते. मूर्तिजापूरच्या पुढे आमची लाल गाडी बसच्या बाजूनं पुढे निघाली. मी खिडकीत होते. हे डाव्या सीटवर, काच खाली केलेली, तोंड वर करून थेट माझ्या खिडकीकडे बघत होते. मी हात हलवला. यांनी हलवला नाही. गाडी पुढे निघून गेली आणि शेजारची बाई मला विचारू लागली, कावून रडून राह्यल्या?

मी घरी पोहोचले तेव्हा मिस्त्री ओसरीवर पाणी पीत होते. किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली, यांच्या नाही. "भाभी, मी यापेक्षा मोठा आकडा काढू शकतो," म्हणाले. "पण त्याचा काही फायदा नाही." आणि बडनेऱ्याला रेल्वे पकडायला निघून गेले. वाटेत त्यांनी यांना सगळं सांगितलं होतं. काट्यांचंही. मला सांगायची वेळच आली नाही. माझ्या वाट्याचं काम एका परक्या माणसानं करून टाकलं होतं.

दुसऱ्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. तरुण मुलगी, हळू बोलणारी. तिनं यांच्या डोळ्यांत थेंब टाकले, यंत्रावर हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ बघितलं. शुगरमुळे पडद्याच्या मधोमध सूज येऊन राहिली होती आणि आता तिथे व्रण झाला होता. कडेचं दिसत राहील, समोरचं नाही, ती म्हणाली. बकऱ्या दिसायच्या आणि सायकलवाला दिसला नाही, तो का, ते मला तेव्हा समजलं.

"त्रास कधीपासून आहे?" तिनं विचारलं.

"महिना झाला असन," हे म्हणाले.

"मार्चपासून," मी म्हणाले.

तिनं पेन खाली ठेवलं. मार्चमध्ये आला असतात तर डोळ्यात इंजेक्शनं देऊन बरंच वाचवता आलं असतं, म्हणाली. आता इंजेक्शनं देऊ, पण ती आहे तेवढं टिकवायला. गेलेलं परत येणार नाही. तिनं हे अगदी सौम्यपणे सांगितलं. मी मार्चपासून एकेक महिना मोजत होते आणि प्रत्येक महिन्यात मला एक चकती आठवत होती.

त्यानंतर आठवडाभरानं, सकाळी, हे अंगणात खुर्चीवर बसले होते. मी भाजी निवडत होते. हे आपणहून बोलायला लागले.

"तुले एक सांगतो. मार्चमध्ये मी मुद्दाम विचारलं होतं तुले, मीटरचं. मले शंका आलीच होती. मी डॉक्टरची वेळबी घेऊन ठेवली होती, दुसऱ्या दिवशीची. म्हटलं, आधी हिले विचारू. हिले आकडे दिसले तं डोळ्याचा दोष, नाही दिसले तं मीटरचा. तू म्हणाली, मलेबी दिसत नाही. मग मी फोन करून डॉक्टरले नको म्हटलं."

माझ्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. हे सांगताना त्यांच्या आवाजात कुठेही बोच नव्हती. त्यांना ती माझी चूक वाटतच नव्हती. त्यांच्या लेखी बायकोनं जे दिसलं ते सांगितलं.

"खरंच दिसत नव्हते ना तुले तवा?" त्यांनी विचारलं.

आता खरं बोलायचं, एवढंच करायचं होतं. एक शब्द. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "नव्हते."

हे काळजीत पडले. माझ्यासाठी. "मीटरचा दोष नव्हता, मंग तूबी दाखवून घे ना डोळे," म्हणाले. "तवा दिसलं नाही अन् बसली आहे तशीच. माह्यासारखं करू नको." मी नको म्हटलं, उडवून लावलं, चार दिवस टाळलं. यांनी ऐकलं नाही. माझ्यासाठी वेळ घेतली, फोनवर बोट चालत नाही म्हणून शेजाऱ्याकडून फोन लावून घेतला, आणि ठरल्या दिवशी माझ्याआधी तयार होऊन बसले. दवाखाना दुसऱ्या मजल्यावर. जिना चढताना यांनी माझा खांदा धरला होता, घट्ट, आणि वाटेत सांगत होते, भिऊ नको, थेंब टाकले की जरा चुरचुरते, बाकी काही नाही.

डॉक्टरनं मला खुर्चीवर बसवलं. हे बाजूच्या स्टुलावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. तिनं समोरचा तक्ता उजळला आणि एक डोळा झाकायला सांगितला. मला चुकीचं वाचता आलं असतं. अडखळता आलं असतं. चौथ्या-पाचव्या ओळीवर थांबले असते तरी चाललं असतं, एक चष्मा मिळाला असता आणि हे समाधानानं घरी आले असते.

मी पहिली ओळ वाचली. मग दुसरी. आवाज स्वच्छ निघत होता. डॉक्टर म्हणाली, पुढे, आणि मी पुढे वाचत गेले, अक्षरं लहान होत गेली, आणि मी सगळ्यांत खालची ओळ एकही अक्षर न चुकता वाचली. मग दुसरा डोळा झाकून पुन्हा ती सगळी वाचली.

"काकू, तुमचे डोळे एकदम चांगले आहेत," डॉक्टर म्हणाली. "अशी नजर या वयात बघायला मिळत नाही. मध्यंतरी तुम्हाला दिसत नव्हतं, असं होणारच नाही."

मग तिनं यांच्या पुढच्या इंजेक्शनची तारीख सांगितली, त्यांनी ती ऐकून मान हलवली. आम्ही बाहेर आलो. जिन्याच्या तोंडाशी मी थांबून खांदा पुढे केला. यांनी हात लांबवून भिंत शोधली आणि भिंतीला धरून, एकेक पायरी पायानं चाचपत, माझ्यापुढे खाली उतरू लागले.